रात्र रंगवणारा पेंटर

चाळीस वर्षं मी कोल्हापुरात थेटरांचे बोर्ड रंगवले. फ्लेक्स आला आणि ब्रश खोक्यात गेले. या धंद्यात चेहरा जमतो, घोडाही जमतो. रात्र काही जमत नाही. काळा रंग फासला की नुसता खड्डा दिसतो. म्हणून बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ हा मूकपट न बघताही माझ्या डोक्यातून जात नाही.

गोष्ट १९२३ची. सिनेमा ज्यावर बेतला ती हरिभाऊ आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी तेव्हा वीस वर्षांची झाली होती. खुद्द हरिभाऊ १९१९ साली गेले. पुस्तकात तानाजीच्या रायबाचं लग्न, सती जायला निघालेली कमलकुमारी, तिला पळवणारा उदयभानू, आणि पानंच्या पानं बोलणी. मूकपटात बोलणार कोण? पाट्यांवर चार ओळी यायच्या, वाचता येणाऱ्यानं त्या शेजारच्याला मोठ्यानं वाचून दाखवायच्या. हरिभाऊंची भाषाच गेली म्हणा ना. उरली माघातली काळोखी रात्र, एक कडा आणि चढणारे मावळे. आता हे पेंटरचं काम झालं.

बाबूराव मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. भाऊ आनंदराव मेस्त्री यांच्याबरोबर त्यांनी कॅमेरा घरीच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ साली वारले, तेव्हा तो अर्धाच होता. बाबूरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैसा दिला गायिका तानीबाई कागलकरांनी. असा माणूस रात्रीला भिणार होय! तेव्हाचा रिवाज म्हणजे उन्हात शूटिंग करायचं आणि फिल्म निळ्या रंगात बुडवून ‘रात्र’ म्हणायचं. बाबूरावांनी ‘सिंहगड’साठी कृत्रिम प्रकाश वापरला, आपल्याकडे हे पहिल्यांदाच, असं मानतात. ऐंशीचे शेलारमामा झाले होते जेमतेम एकविशीतले शांतारामबापू, म्हणजे व्ही. शांताराम. पुढं १९३३ साली ‘प्रभात’मध्ये त्यांनीच ‘सिंहगड’ बोलता केला.

या सिनेमाची गर्दी बघून सरकारनं करमणूक कर बसवला, असं आमच्याकडं अभिमानानं सांगतात. मुंबई इलाख्यातला कायदा १९२३चाच आहे खरा, पण एका सिनेमापायी सरकार एवढं हलेल, हे मला पटत नाही. तिकिटांचा गल्ला त्यांच्या डोळ्यांत आधीपासूनच असणार.

मला जास्त नवल रंगांचं वाटतं. त्या काळच्या फिल्मला तांबडं दिसतच नसे. तांबडं-भगवं पडद्यावर काळपट उतरायचं, निळं आभाळ पांढरंफटक. म्हणजे भगवा झेंडा उजळ दिसायला हवा असेल तर तो दुसऱ्याच रंगाचा शिवायचा! हा हिशेब डोळ्यांत ठेवून बाबूराव कपडे, पडदे ठरवत असणार.

गेल्या दिवाळीत ब्रश बाहेर काढले आणि हौसेनं ‘सिंहगड’चा एक बोर्ड घरीच केला. मशालीच्या उजेडात तानाजी, फेटा काळपट. नातू बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, “आजोबा, भगवा रंग संपला होता काय?”