घेणे आणि देणे : वीजमापकाचा इतिहास

व्यापाराच्या इतिहासात तराजूइतकी साधी आणि तराजूइतकी वादग्रस्त वस्तू क्वचितच सापडेल. माल कोणाचा ह्यापेक्षा तराजू कोणाच्या हाती, ह्यावर सौद्याचा न्याय पुष्कळदा ठरत आला आहे. आदिलाबादच्या कापूसबाजारात गाडी उभी करणाऱ्या शेतकऱ्यास हे समजावून सांगावे लागत नाही. वजन, ओलावा, घट आणि भाव ह्या चार शब्दांत त्याच्या वर्षभराच्या श्रमांचा निकाल लागतो. विजेच्या व्यापारातील तराजू म्हणजे वीजमापक. बोलीत ज्यास मीटर म्हणतात तो. हा तराजू दीर्घकाळ एकाच दिशेने तोलत होता. कंपनीने द्यावयाचे आणि घराने घ्यावयाचे, एवढेच त्याला ठाऊक होते. छपरावर सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण होऊ लागली तेव्हा प्रथमच घराकडूनही काही येणे निघू लागले, आणि तराजूस दुसरे पारडे आवश्यक झाले.

सन १८८२ मध्ये एडिसनने न्यूयॉर्क शहरात वीज विकण्यास आरंभ केला, तेव्हा ती मोजण्याचा प्रश्न उभा राहिलाच. त्याने योजिलेले मापक रासायनिक होते. जस्ताच्या क्षारद्रवात जस्ताचेच पत्रे बुडविलेले असत. प्रवाह वाहिला की एका पत्र्यावरील जस्त दुसऱ्यावर जाऊन बसे. ठरावीक काळाने कंपनीचा मनुष्य येऊन पत्रे घेऊन जाई, त्यांचे वजन करी आणि त्यावरून देयक तयार होई. ह्या मापकावर गिऱ्हाइकास वाचता येण्याजोगे काहीच नव्हते. पुढे इटलीच्या गॅलिलिओ फेरारिसने फिरत्या चुंबकीय क्षेत्राचे तत्त्व मांडले, आणि त्याच तत्त्वाच्या आधारे हंगेरीच्या ओटो ब्लाथीने १८८९ च्या सुमारास ॲल्युमिनियमची चकती फिरविणारे मापक सिद्ध केले. काचेआड सावकाश फिरणारी ती चकती आणि तिच्यावरचे आकडे पुढील शतकभर घरोघरी परिचित झाले. गिऱ्हाइकास निदान आपला हिशेब डोळ्यांनी पाहता येऊ लागला. त्या चकतीत आणखी एक गुण दडलेला होता. प्रवाह उलट वाहिला तर तीही उलट फिरे. त्या काळी घरातून वीज बाहेर जाण्याचा प्रसंगच नसल्यामुळे ह्या गुणाचा उपयोग कोणास सुचला नाही.

विजेचे सारे जाळेच एका दिशेने विणलेले होते. दूर कोठे तरी वीज निर्माण व्हावी, उच्च दाबाच्या तारांवरून ती यावी, रोहित्रात तिचा दाब उतरावा आणि अखेरीस ती घरात शिरावी, असा तिचा ठरलेला प्रवास. महाराष्ट्रात टाटांच्या खोपोली जलविद्युत्केंद्रातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांकडे निघालेली वीज हा त्याचाच नमुना होय. गोदावरीच्या उत्तरेस, जुन्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याची कथा काहीशी निराळी आहे. बेल्लमपल्ली आणि मंदमर्री येथील कोळशाच्या खाणी ह्याच जिल्ह्याच्या जुन्या सीमेत होत्या; २०१६ च्या पुनर्रचनेत त्या मंचेरियाल जिल्ह्यात गेल्या. नदीपलीकडे रामगुंडम येथे मोठी औष्णिक केंद्रे उभी राहिली. अशा रीतीने शक्तीचे साधन भूमीत असले, तरी जिल्ह्यातील डोंगराळ गावे मात्र तारेच्या शेवटच्या टोकाशी राहिली.

नेरडीगोंडा हे अशाच डोंगराळ भागातील मंडलाचे गाव. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राजरस्त्यावर, आदिलाबाद आणि निर्मळ ह्यांच्या दरम्यान ते वसले आहे. कडेम नदीवरचा प्रसिद्ध कुंतला धबधबा ह्याच मंडलात आहे. भाषावार प्रांतरचनेत १९५६ साली ह्या जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात आले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर घराघरांतून मराठी बोलली जाते, सोयरिकी होतात. पण ऐलतीरी वीज देते महावितरण आणि पैलतीरी देते तेलंगणाची उत्तर विभागाची वितरण कंपनी, जिचे मुख्यालय हनमकोंड्यास आहे. सूर्य दोन्ही तीरांवर सारखाच तळपतो, परंतु त्याच्या विजेचा हिशेब दोन निरनिराळ्या नियामक आयोगांच्या नियमांनी होतो.

सूर्यप्रकाशापासून थेट वीज देणारा सिलिकॉनचा घट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन ह्या तिघांनी तयार केला. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्के शक्तीचेच तो विजेत रूपांतर करी, आणि त्याचा खर्च एवढा होता की उपग्रहांवाचून अन्यत्र तो परवडत नसे. १९७३ च्या तेलसंकटानंतर विचारांची दिशा पालटली. १९७८ मध्ये अमेरिकेने कायदा करून लहान उत्पादकांची वीज विकत घेणे वीजकंपन्यांस बंधनकारक केले. ज्या मोजक्या घरांवर सौरपट्ट बसले, तेथे जुन्या चकतीचा दडलेला गुण प्रकट झाला. दुपारी वीज बाहेर जाऊ लागली की चकती उलट फिरे आणि आकडा उतरे. १९८३ साली मिनेसोटा राज्याने ह्या व्यवहारास कायद्याचा आधार दिला. नक्त मापन, म्हणजे घेतलेल्या विजेतून दिलेली वीज वजा करून उरेल तेवढ्याचेच देयक, ही कल्पना अशी रूढ झाली.

भारतात २००३ च्या वीज कायद्याने निर्मितीचे क्षेत्र बव्हंशी परवानामुक्त केले. २०१० साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. महाराष्ट्राच्या आयोगाने २०१५ मध्ये आणि तेलंगणाच्या आयोगाने २०१६ मध्ये छपरावरील सौरविजेच्या नक्त मापनाचे विनियम केले. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने एक कोटी घरांसाठी ‘पीएम सूर्यघर’ योजना जाहीर केली आणि ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपये साहाय्य ठरविले. तेव्हापासून हा विषय खेड्यापाड्यांतील ओट्यावरही बोलला जाऊ लागला.

प्रत्यक्ष व्यवहार कसा चालतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. नेरडीगोंड्यातील एका पक्क्या घरावर ३ किलोवॅटचा संच आहे असे समजावे. एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिटे धरली, तर महिन्यास सुमारे ३६० युनिटे वीज होते. त्यांपैकी दिवसा पंखे, पाण्याचा पंप, शीतकपाट ह्यांस ९० युनिटे लागली, तर ती घरातल्या घरात खर्च होतात आणि नक्त मापकावर त्यांची नोंदच होत नाही. उरलेली २७० युनिटे तारेवर जातात व बहुधा शेजारच्या घरांतच वापरली जातात. रात्री त्या घराने तारेवरून १६० युनिटे घेतली, तर मापकाच्या एका नोंदीत १६० आणि दुसरीत २७० असा आकडा दिसतो. वजाबाकीअंती ११० युनिटे घराच्या नावे जमा राहतात आणि पुढील महिन्यात वळती होतात. आषाढ-श्रावणात आभाळ भरून आले म्हणजे हीच जमा उपयोगी पडते. स्थिर आकार मात्र चुकत नाही. ठरलेल्या मुदतीअखेर शिल्लक उरलीच, तर कंपनी ती आयोगाने ठरविलेल्या, आणि बहुधा पुष्कळ कमी, दराने घेते. महाराष्ट्रात ही मुदत आर्थिक वर्षाच्या अखेरीस संपते.

ह्या व्यवहारात दोन गोष्टींविषयी नेहमी गैरसमज होतो. पहिली अशी की तारेवरील वीज गेली म्हणजे घरचा संचही बंद पडतो. हा दोष नव्हे. खांबावर दुरुस्तीस चढलेल्या कामगारास घरातून येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये म्हणून केलेली ती योजना आहे. अंधारात दिवा हवा असेल तर बॅटरीची सोय निराळी करावी लागते. दुसरी अशी की जुन्या चकतीप्रमाणे हल्लीची अंकदर्शक मापके उलट फिरत नाहीत. चोरी टाळण्यासाठी त्यांपैकी अनेकांत प्रवाह कोणत्याही दिशेचा असला तरी आकडा चढतोच. म्हणून मंजुरी न घेता व दुतर्फा मापक न बसविता संच चालू केला, तर घरधन्याने दिलेल्या विजेचे देयक त्यालाच भरावे लागण्याचा प्रसंग येतो.

खरा वाद आहे तो दराचा. दुपारी दिलेले एक युनिट आणि रात्री घेतलेले एक युनिट ह्यांचे मोल सारखे मानावे काय? वितरण कंपन्यांचे म्हणणे असे की तारा, रोहित्रे आणि कामगार ह्यांचा खर्च सर्वांनी मिळून सोसावयाचा असतो. ज्याने छपरावर वीज केली तो रात्री तेच जाळे कोठारासारखे वापरतो, आणि त्याच्या वाट्याचा खर्च ज्यास पक्के छप्परच नाही अशा शेजाऱ्यावर पडतो. घरधन्याची बाजूही दुबळी नाही. त्याची वीज दूरच्या केंद्रातून येत नसल्यामुळे वाटेतील गळती वाचते, आणि भांडवलाचा धोका त्याने स्वतः पत्करलेला असतो. हवाई बेटांनी २०१५ मध्ये नव्या घरांसाठी समान मोलाची पद्धत बंद केली, आणि कॅलिफोर्नियाने २०२३ पासून नव्या घरांच्या विजेस कमी मोल ठरविले. भारतात २०२० च्या अखेरच्या ग्राहकहक्क नियमांत नक्त मापनाची मर्यादा प्रथम १० किलोवॅट ठेवली होती. आक्षेपांनंतर २०२१ मध्ये ती ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार, ह्यांपैकी जे कमी असेल तेवढी वाढविण्यात आली.

तेलंगणात ह्या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. २०२४ च्या मार्चपासून गृहज्योती योजनेखाली पात्र कुटुंबांना महिना २०० युनिटांपर्यंत वीज विनामूल्य देण्यास आरंभ झाला. ज्या कुटुंबाचे देयकच शून्य, त्याला सौरपट्टांत पैसे गुंतविण्याचे कारण उरत नाही. म्हणजे ह्या व्यवस्थेचा लाभ प्रामुख्याने पक्के छप्पर, बरे उत्पन्न आणि मोठा वापर असलेल्या घरासच मिळतो. डोंगरातील गोंड पाड्यावरच्या कौलारू घरापर्यंत तो कसा पोहोचावा, ह्याचे उत्तर नुसत्या मापकात नाही. गावाने एकत्र संच उभारून त्याचे युनिट घरोघर वाटून जमा करण्याची पद्धत दिल्लीसारख्या ठिकाणी मान्य झाली आहे. तिचा विचार येथेही उपयुक्त ठरेल.

जस्ताच्या पत्र्यापासून दुतर्फा नोंदीपर्यंत मापकाने केलेली प्रगती मोठी आहे. यंत्र आता घेणे आणि देणे दोन्ही चोख सांगते. भाव मात्र यंत्र ठरवीत नाही. तो आयोगासमोरील सुनावणीत ठरतो, आणि त्या सुनावणीस हरकती मांडण्याचा अधिकार सामान्य ग्राहकासही आहे. कापसाच्या बाजारात वजनावर डोळा ठेवणारा आणि भावाकडे दुर्लक्ष करणारा शेतकरी सापडणार नाही. विजेच्या बाजारातही तेच शहाणपण त्याच्या उपयोगी पडेल.