मोसंबी-संत्र्याच्या रसाने कोलेस्टेरॉल उतरतं का?

रोज सकाळी लिंबूपाणी प्या, रक्तातली चरबी वितळेल, असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात. चरबी अशी वितळत नसते. मग या फळांचा उपयोग काय?

संत्री-मोसंबीच्या फोडींत पेक्टिन नावाचा तंतुमय पदार्थ असतो. तो आतड्यातलं पित्त धरून शौचावाटे बाहेर नेतो. नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं, त्यामुळे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थोडं उतरतं. मात्र रस गाळला की चोथ्याबरोबर बराचसा पेक्टिनही जातो. म्हणून रस पिण्यापेक्षा फोडी खाव्यात. मधुमेह असेल तर रसाने साखर पटकन वाढते.

महत्त्वाचं म्हणजे, अटोर्वास्टॅटिन किंवा सिम्वास्टॅटिनची गोळी चालू असेल, तर ग्रेपफ्रूट टाळा. त्याने औषध रक्तात प्रमाणाबाहेर वाढू शकतं, स्नायू दुखतात, क्वचित मूत्रपिंडाला इजा होते. ग्रेपफ्रूटच्या जवळचं फळ म्हणजे आपलं पपनस. तेही डॉक्टरांना विचारूनच खा.

फळं जरूर खा, पण कोलेस्टेरॉलची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. लिपिड प्रोफाइल ही रक्ततपासणी बघूनच डॉक्टर डोस ठरवतात.