७५ वर्षं न हरलेली संख्या

आजच्या भागाचा हिरो माणूस नाही, एक संख्या आहे. १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. मोजून ३९ अंक. सोप्या भाषेत, २ चा १२७ वा घात वजा १. आणि ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून कशानेच तिला पूर्ण भाग जात नाही.

१६४४ साली मरँ मर्सेन या फ्रेंच संन्याशाने अशा संख्यांची यादी छापली. त्यात ६७ आणि १२७ हे दोन्ही घात होते. पण सिद्ध कोण करणार? एकेका संख्येने भागत बसलात, तर सेकंदाला एक भागाकार करूनही अब्जावधी वर्षं लागतील!

१८७६ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने वेगळीच वाट काढली. भागत बसायचंच नाही. त्याची युक्ती पुढे लेहमरने सोपी केली, ती अशी. २ चा ५ वा घात वजा १, म्हणजे ३१ घ्या. सुरुवात ४ पासून. वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा. ४ चे झाले १४, १४ चे ८, आणि ८ चे थेट शून्य. घातापेक्षा दोन कमी, म्हणजे तीन पायऱ्यांत शून्य आलं की संख्या मूळ! १२७ साठी अशा फक्त १२५ पायऱ्या. अर्थात प्रत्येक पायरीला अवाढव्य गुणाकार, तोही हाताने.

गंमत पुढेच आहे. मर्सेनच्या यादीतला ६७ मात्र ल्युकाच्या कसोटीत नापास झाला. ती संख्या फुटते हे कळलं, पण कशी फुटते ते कळेना. त्यासाठी १९०३ उजाडलं. अमेरिकेतल्या फ्रँक नेल्सन कोलने उत्तर दिलं: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. मधे २७ वर्षं गेली!

म्हणजे संख्या फुटते हे ओळखणं एक, आणि तिचे तुकडे शोधणं दुसरंच. आज आरएसए नावाचं डिजिटल कुलूप याच फरकावर टिकून आहे. दोन मोठ्या मूळ संख्या शोधून गुणणं सोपं, पण नुसत्या गुणाकारावरून त्या परत शोधणं महाकठीण. उद्या कुणाला तुकडे पाडायची झटपट युक्ती सापडली, तर हे कुलूप गेलंच म्हणून समजा.

ल्युकाचा विक्रम १९५१ मध्ये यंत्रांच्या मदतीनेच मोडला. २०२४ मध्ये सापडलेल्या मूळ संख्येत तर ४,१०,२४,३२० अंक आहेत. ती तपासायला आजही ल्युकाचीच कसोटी कामी येते.

जाता जाता एक. चकत्या एका खांबावरून दुसऱ्यावर न्यायचा 'टॉवर ऑफ हनोई' हा खेळ माहीत आहे ना? तोही ल्युकाचाच. ५ चकत्यांना कमीत कमी ३१ चाली लागतात. आणि १२७ चकत्या घेतल्या तर? बरोबर, आपली हिरो संख्या! भेटू पुढच्या भागात.