फरशीचे पैसे कोण भरतं?

गेल्या रविवारी बाबांचा फोन आला. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. घराच्या पुढच्या भागात शहाबादी फरशी आहे, पण मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर अजून मातीचंच. तिथे टाइल्स बसवायला काय लागेल याचा अंदाज बाबांनी मिस्त्रीकडून घेतला होता. आकडा ५५ हजारांच्या आसपास निघाला आणि बाबा उखडले. "पंचावन्न हजार! अरे, आमच्या काळात जमिनीले एक रुपया लागला नाही!"

मागून आईचा आवाज आला, "रुपया नाही लागला. मी लागली न!"

बाबा गप्प. मीही गप्प. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून या शनिवारी कागद-पेन घेऊन बसलो. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात: सिस्टिम बनवायला किती लागले एवढं विचारू नका, ती चालवायला किती लागतात तेही विचारा. घराच्या जमिनीला हे कोणी विचारलंच नाही.

आधी मातीची जमीन. आपल्याकडची काळी माती कापसाला चांगली, घराला वाईट. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. त्यामुळे ती उकरून टाकायची, मुरूम भरायचा, पाणी मारून धुमसाने ठोकायचा, वर गावठाणातली पांढरी माती पसरून चोपायची. इथपर्यंत पुरुषांचं काम, आणि ते एकदाच. मग शेणाने सारवायचं. ते बायकांचं काम, आणि ते कधीच संपत नाही. शेण गोळा करा, पाणी आणा, गुडघ्यावर बसून कोपऱ्यापासून दारापर्यंत मागे मागे सरकत या. दर आठवड्याला. सणवार आला की जास्तीचं.

सेवाग्रामला बापू कुटी बघायला गेलं की मातीची घरं आपल्याला किती छान वाटतात! गांधीजी १९३६ साली तिथे राहायला गेले आणि आसपासच्या साध्या सामानातून कुटी उभी राहिली. छान आहेच ती. पण आपल्याला जरा जास्तच छान वाटते, कारण सारवायची पाळी आपली नसते.

पुढची पायरी दगडाची. १८७१ साली मुंबई-मद्रास लोहमार्ग रायचूरला जोडला गेला. तो शहाबाद-वाडीवरून जातो. तिथला चुनखडीचा दगड मुळातच थरांचा, सरळ फरशीसारखा निघतो. तो रेल्वेने दूरदूर जाऊ लागला आणि गावाचं नावच फरशीला चिकटलं. तेलंगणातल्या तांडूरच्या फरशीचंही तसंच. दगड स्वस्त, पण जड. म्हणजे फरशीच्या खर्चात वाहतूक शिरली, आणि वाहतुकीला रोख पैसा लागतो. सारवणाला रोख लागत नव्हती, म्हणून ते 'फुकट' होतं.

मग सिमेंटच्या टाइल्स. १९२२ साली मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी स्वदेशीच्या भरात सुरू झाली. तोवर श्रीमंतांच्या घरात परदेशी टाइल्स यायच्या. आपल्याकडे वाड्यांच्या दिवाणखान्यात नक्षीची फरशी दिसते ती त्याच जमान्यातली फॅशन. लक्षात घ्या, दिवाणखान्यात! आमच्या घरीसुद्धा पाहुणे बसतात तिथे आधी दगड आला. आई दिवसभर वावरते तिथे माती राहिली. पैसा आला की तो ओसरीतून आत येतो आणि स्वयंपाकघरापर्यंत पोचायला त्याला एक पिढी लागते.

आता मोरबीचा काळ. देशातल्या बहुतांश टाइल्स गुजरातच्या या एका पट्ट्यात भाजल्या जातात. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने तिथले कोळशाचे गॅसिफायर बंद करायला लावले आणि कारखाने गॅसवर गेले. त्यामुळे जगात गॅस महागला की त्याची झळ पार आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येते. गंमत म्हणजे चुनखडी आपल्याच जिल्ह्यात आहे. वणीजवळ राजूरला चुनाभट्ट्या, मुकुटबनला २०२२ साली सुरू झालेला मोठा सिमेंट कारखाना. पायाखालचा दगड आपला, पायाखालची टाइल गुजरातची.

बरं, मिस्त्रीचा हिशोब असा. जागा ५०० चौरस फूट. टाइल ४५ रुपये फूट, तुटफूट धरून ५२५ फूट, म्हणजे २३,६२५. मजुरी २५ रुपयांनी १२,५००. सिमेंट-वाळू १०,०००. उकरणं आणि मुरूम ६,०००. गाडीभाडं २,५००. एकूण ५४,६२५ रुपये, म्हणजे फुटाला साधारण १०९. बघा, खुद्द टाइल निम्म्याहून कमी आहे! दुकानात आपण ४५ की ५० यावर घासाघीस करतो, आणि खरा खर्च टाइलच्या खाली गाडलेला असतो.

कापसात मोजलं तर? २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता. त्या भावाने पावणेसात क्विंटल. कोरडवाहू शेतकऱ्याला हा आकडा छोटा नाही, बाबांचा राग समजू शकतो. घरकुलवाल्यांचं तर आणखी अवघड. प्रधानमंत्री आवास योजनेत २०१६ साली सपाट भागासाठी १ लाख २० हजार अनुदान ठरलं, घर किमान २५ चौरस मीटरचं. तेवढ्या जागेला वरच्या दराने टाइल्स लावायच्या तर २९ हजार, म्हणजे अनुदानाचा जवळपास पाव हिस्सा. फरशीचा नंबर सगळ्यात शेवटी. भिंती आणि छतातच पैसे संपले तर जमीन तशीच राहते.

आणि राहिली तर काय बिघडतं? मेक्सिकोतल्या कोआविला राज्याने २००० साली गरिबांच्या मातीच्या जमिनींवर सरकारी खर्चाने काँक्रीट घालून द्यायला सुरुवात केली. २००९ साली त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्ण घराची जमीन सिमेंटची झाली तर लहान मुलांमधला जंतांचा त्रास ७८ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष निघाला. त्या घरांतल्या आयांचा ताणही कमी झालेला दिसला.

आता आईचा हिशोब. शेण-पाणी-सारवण मिळून आठवड्याला तीन तास धरू. वर्षाला १५६ तास, म्हणजे आठ तासांचे साडेएकोणीस दिवस. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे वर्षाला ६,०८४ रुपये. आईच्या लग्नाला ४० वर्षं झाली. गुणा. २ लाख ४३ हजार ३६० रुपये! त्यात गुडघ्यांचं औषधपाणी धरलेलंच नाही.

म्हणजे ५५ हजारांची फरशी नऊ वर्षांत वसूल. आमचं घर चार फरश्यांचे पैसे कधीच भरून बसलंय, फक्त ते कोणाच्या वहीत लिहिलेले नाहीत.

मातीच्या जमिनीचं मला कौतुक आहे, उगाच नाही म्हणत नाही. मे महिन्यात यवतमाळच्या उन्हात तिच्यावर पाठ टेकली की जे वाटतं ते टाइलवर वाटणार नाही. पण तो गारवा कोणाच्या श्रमावर मिळत होता, हे आता माहीत झालंय.

बाबांना हा हिशोब फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मिस्त्रीले सांगतो." टाइल आईनेच निवडायची असं ठरलंय. मी एवढंच सुचवलं की चकचकीत नको, खरखरीत घे, ओल्या पायाने घसरायला नको. तुळशीपुढचं हातभर अंगण मात्र ती मातीचंच ठेवणार आहे. म्हणाली, "तेवढं मी सारवीन. मन झालं तर."

असो.