पेटीआडचा रेडिएटर



आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या लेकी-सुना न्यूयॉर्क, न्यू जर्सीकडे आहेत. तिकडच्या जुन्या घरांत खिडकीखाली लाकडाची किंवा पत्र्याची एक जाळीदार पेटी असते. तिच्यावर कुंडी, फोटो, किल्ल्या ठेवलेल्या असल्यामुळे ती फर्निचरच वाटते. आत मात्र घर गरम करणारा लोखंडी रेडिएटर असतो. ही पेटी तिथे कशी आली ते कळले, की ती वर्षातून एकदा उघडायला का हवी तेही पटते.

घरगुती रेडिएटरची सुरुवात रशियातली. मूळचे प्रशियाचे कारखानदार फ्रान्झ सान गाल्ली यांनी १८५५ नंतरच्या एक-दोन वर्षांत सेंट पीटर्सबर्गला तो तयार केला. पुढे १८७० च्या दशकात अमेरिकेत नेल्सन बंडी यांचा ओतीव लोखंडाचा रेडिएटर लोकप्रिय झाला. १८९२ मध्ये काही कारखाने एकत्र येऊन अमेरिकन रेडिएटर कंपनी निघाली. ती १९२९ मध्ये स्टँडर्ड सॅनिटरी कंपनीशी जोडली गेली. आपल्याकडे बाथरूमच्या सामानावर दिसणारे अमेरिकन स्टँडर्ड हे नाव तिथलेच.

मग ही उष्णता झाकायची वेळ का आली? त्या काळी अमेरिकेत बंद खोलीतल्या हवेची फार धास्ती होती. कॅथरीन बीचर आणि हॅरिएट बीचर स्टो या बहिणींनी १८६९ मध्ये गृहिणींसाठी लिहिलेल्या पुस्तकातही मोकळ्या हवेवर भर दिला होता. त्यातच १९१८ चा इन्फ्लुएंझा आला. आपल्याकडची जुनी माणसे मानमोडी म्हणत, तीच ही साथ. मग ऐन थंडीतही खिडक्या उघड्या ठेवण्याचा आग्रह वाढला आणि खिडकी उघडी असतानाही खोली उबदार राहील, एवढे मोठे बॉयलर आणि रेडिएटर बसवले गेले.

साथ ओसरली, खिडक्या बंद झाल्या, पण रेडिएटर तेवढेच राहिले. खोल्या भट्टीसारख्या तापू लागल्या. पेट्या त्याआधीही होत्या, पण आता त्यांचा उपयोग वाढला. लोखंड नजरेआड होई, मुलांचे हात भाजत नसत आणि उष्णताही थोडी कमी होई.

आम्ही कॉमर्सवाल्या जमेबरोबर खर्चाची बाजूही बघतो. रेडिएटर खालची गार हवा ओढतो, तापवतो आणि वर सोडतो. हवेबरोबर धूळ, केस, कपड्यांचा कापूसही आत जातो आणि लोखंडाच्या फटींत बसतो. उघडा रेडिएटर मळला तर दिसतो तरी. पेटीतला वर्षानुवर्षे दिसत नाही. हवेची वाट अडली की ऊब कमी मिळते आणि पहिल्यांदा वाफ आली की जळक्या धुळीचा वास घरभर पसरतो.

न्यूयॉर्कमध्ये घरमालकांनी उष्णता पुरवण्याचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३१ मे असा ठरलेला आहे. म्हणून हे काम सप्टेंबरात उरकावे. तेव्हा लोखंड गार असते. शिवाय आत कोळी किंवा किडा असला, तर वाफेत सापडण्याआधी त्याला अलगद बाहेर सोडता येते. जयणा पाळणारीने एवढे बघायलाच हवे.

आधी खाली जुनी चादर अंथरावी. बऱ्याच पेट्या भिंतीला जोडलेल्या नसतात. दोघींनी दोन बाजूंनी धरून सरळ पुढे घ्यावी. स्क्रू किंवा क्लिपा असतील तर काढण्याआधी फोटो घ्यावा आणि स्क्रू वाटीत ठेवावेत. इंग्लंडातल्या पत्र्याच्या रेडिएटरला वरची जाळी आणि बाजूच्या पट्ट्या असतात. क्लिपा सोडवून त्या वर उचलल्या की बहुधा निघतात. जोर मात्र करू नये. मग लांब दांड्याचा मऊ ब्रश फटींतून फिरवावा. मागे ओले फडके टांगून पुढून केस वाळवायच्या यंत्राची हवा सोडली, तर उरलेली धूळ फडक्यावर बसते. पाइप आणि व्हॉल्व्हला हात लावू नये. ते काम प्लंबरचे.

एक गोष्ट लेकीला आवर्जून सांगा. अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर बंदी आली ती १९७८ मध्ये. त्याआधीच्या पेटीवर किंवा रेडिएटरवर तसा रंग असू शकतो आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून जुना रंग पॉलिश पेपरने कधीही घासू नये. रंगाचे पोपडे निघत असतील तर वर सांगितलेला ब्रश आणि हवाही नको. पेटीला हात न लावता आधी घरमालकाला कळवावे, रंग तपासून घ्यावा आणि तोवर रांगत्या बाळाला त्या खिडकीपासून लांब ठेवावे.