बदललेला वाटाड्या

नकाशा हा प्रवाशाचा मुका वाटाड्या. त्याजवरील विश्वास ढळला, कीं पाऊल अडखळतें. २००७ पासून आयफोनमध्यें गूगलचा नकाशा असे. १९ सप्टेंबर २०१२ रोजीं ॲपल कंपनीनें नवी प्रणाली प्रसृत करून त्याच्या जागीं स्वतःचा नकाशा बसविला. त्यांत गांवें चुकलीं, पूल वांकडे दिसले. लोक इतके संतापले, कीं २८ सप्टेंबरला प्रमुख टिम कुक यांनीं जाहीर क्षमा मागून प्रतिस्पर्ध्यांचे नकाशे वापरण्यास सुचविलें. डिसेंबरांत ऑस्ट्रेलियांतील मिल्ड्यूरा गांवीं निघालेले प्रवासी सुमारें ७० किलोमीटर दूर रानांत अडकले; कांहींनीं अन्नपाण्यावांचून २४ तासांपर्यंत वेळ काढला. त्याच महिन्यांत गूगलचा नकाशा स्वतंत्र रूपानें परतला. वाटाड्या बदलतांना वाटसरूस विचारावें, एवढेंच या कथेचें सार.