कात्रजचा नळ, पेशव्यांचे कर्ज व उत्तरेतील एकाकीपणा

पुण्याच्या दक्षिणेस कात्रजच्या घाटाखाली जे तळे आहे, तेथून शनिवारवाड्यापर्यंत आणलेला बांधीव नळ हे बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांच्या कारकीर्दीतील (1740-1761) एक महत्त्वाचे नागरी काम होय. सुमारे आठ किलोमीटर लांबीचा हा नळ जमिनीखालून जातो. ठिकठिकाणी त्यास हवा खेळण्यासाठी उच्छ्वास ठेविले असून, केवळ उताराच्या बळावर पाणी शहरातील हौदांत पोहोचविण्याची योजना त्यात साधलेली आहे. हे काम पाहणारास असे वाटणे साहजिक आहे की, ज्या सरकारने हे केले त्याची तिजोरी भरलेली असावी. वस्तुतः ते सरकार कर्जात होते. या विसंगतीचा उलगडा केल्यावाचून 1761 च्या आपत्तीचे स्वरूप नीट ध्यानी येत नाही.

प्रथम सत्तेचे स्वरूप पाहावे. 15 डिसेंबर 1749 रोजी शाहू छत्रपती निवर्तले. पुढील वर्षी सांगोला येथे झालेल्या ठरावाने रामराजांचे अधिकार पेशव्यांच्या हाती आले व राज्याचे केंद्र साताऱ्याहून पुण्यास सरकले. ताराबाईंनी रामराजांस साताऱ्याच्या किल्ल्यात अडकवून ठेविले, दाभाडे व गायकवाड यांनी शस्त्र उचलले. परंतु 1752 पर्यंत हा विरोध मोडून वा वाटाघाटीने मिटविण्यात आला. अधिकार एका हाती आला, तरी पैसा मात्र आला नाही. सरंजामाचा वसूल सरदारांकडेच राही आणि नक्त रकमेसाठी पेशव्यांस सावकारांचे तोंड पाहावे लागे. हुकूम पुण्याचा आणि पैसा सावकाराचा, अशी ही एकतंत्री सत्ता होती.

तत्कालीन दप्तरांची परिभाषा या दृष्टीने बोलकी आहे. नालबंदी म्हणजे स्वारीपूर्वी शिलेदारांस द्यावयाची आगाऊ रक्कम. वरात म्हणजे अमुक महालाच्या वसुलातून अमुकास पैसे द्यावे असा सरकारी आदेश. आणि कर्जपट्टी म्हणजे सरकारचे देणे फेडण्यासाठी रयतेवर बसविलेला कर. या तिन्ही शब्दांत आजचा खर्च उद्याच्या उत्पन्नावर टाकण्याची रीत गृहीत धरलेली आहे. स्वारी निघावयाची तर कर्ज काढावे लागे, कर्ज फेडावयाचे तर खंडणी घ्यावी लागे आणि खंडणीसाठी पुन्हा स्वारी करावी लागे. हे चक्र थांबविणे कोणाही एका पुरुषाच्या हाती राहिले नव्हते.

या चक्राचा परिणाम मैत्रीवर होणे अपरिहार्य होते. चौथाईची मूळ कल्पना संरक्षणाच्या मोबदल्याची. 1752 मध्ये सफदरजंगाच्या मध्यस्थीने ठरलेल्या करारात तीच स्पष्ट दिसते: अब्दालीपासून बादशाहीचे रक्षण करावे आणि त्याबद्दल 50 लक्ष रुपये व पंजाब-सिंधची चौथाई घ्यावी. परंतु राजपुतान्यात या कल्पनेचा संरक्षणाचा भाग गळून केवळ मागणी उरली. जयपूरच्या ईश्वरीसिंगाने खंडणीच्या तगाद्यापायी 1750 च्या अखेरीस आत्महत्या केली आणि लगोलग, जानेवारी 1751 मध्ये, त्या शहरात मराठ्यांची कत्तल झाली. 1754 मध्ये सुरजमल जाटाच्या कुंभेरीस वेढा पडला व त्यात खंडेराव होळकर मारले गेले. 1755 मध्ये नागोर येथे जयाप्पा शिंद्यांचा घात झाला. ज्यांच्या प्रदेशातून पुढे सैन्याची रसद यावयाची होती, तेच ऋणको आणि वैरी झाले होते.

1758 च्या वसंतात रघुनाथरावांच्या फौजा लाहोरात शिरल्या. या स्वारीचे वर्णन यशाच्या भाषेत केले जाते. परंतु तिच्या अखेरीस सुमारे 80 लक्षांचे कर्ज झाल्याचा आकडा इतिहासग्रंथांत येतो. फेब्रुवारी 1760 मध्ये उदगीरच्या विजयाने निजामाकडून सुमारे 60 लक्ष उत्पन्नाचा मुलूख मिळाला खरा. परंतु मुलूख मिळणे निराळे आणि त्याचा वसूल हाती येणे निराळे.

त्याच वर्षी सदाशिवरावभाऊ उत्तरेस गेले तेव्हा या दोन्ही उणिवा एकत्र आल्या. जुलैमध्ये सुजाउद्दौला अब्दालीस मिळाला, राजपूत तटस्थ राहिले आणि दिल्ली घेतल्यावर सुरजमलही निघून गेला. दिल्लीत दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत काढून त्याची नाणी पाडावी लागली. त्यांतून सुमारे 9 लक्ष रुपये आले. अंतर्वेदीतून रसद व थकलेला वसूल पोहोचविण्याची भिस्त गोविंदपंत बुंदेल्यांवर होती. डिसेंबरात ते मारले गेले. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर जे सैन्य लढले ते उपाशी होते. त्या उपासमारीची मुळे मागील दहा वर्षांच्या हिशेबात होती. पराभवाची वार्ता भेलसा येथे पेशव्यांस कळली ती एका सावकारी पत्रातून, मोती, मोहरा व खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत, असे परंपरा सांगते. त्या सरकारच्या सर्वांत मोठ्या हानीची नोंद हिशेबाच्या शब्दांत व्हावी, यात अनपेक्षित असे काही नव्हते.

अशा एकतंत्री सत्तेची परीक्षा दुसऱ्या एका काळाशी ताडून पाहणे उपयोगी ठरेल. चीनमध्ये 1958 च्या 'मोठ्या झेपे'नंतर धान्योत्पादनाचे फुगविलेले आकडे वर जात राहिले. 1959 मध्ये लुशान येथे पेंग दहुआय यांनी दोष दाखविले, तेव्हा त्यांसच पदच्युत करण्यात आले. आणि 1960 मध्ये सोव्हिएत संघाने आपले तज्ज्ञ परत बोलाविले. दुष्काळ व एकाकीपणा तेथेही एकाच वेळी आले. भेद इतकाच की, 1961 मध्ये कॅनडा व ऑस्ट्रेलियाकडून धान्य विकत घेऊन आणि धोरणातून काही पावले मागे येऊन त्या राजवटीने वेळ मिळविला. पुण्याच्या दरबारात सत्य सांगणारांची वाण नव्हती. दिल्लीतील हिंगणे वकिलांची पत्रे येतच होती. उणीव होती ती माघार घेण्याइतक्या गंगाजळीची.

मराठीत 'पत' हा शब्द सावकारीतील विश्वास आणि समाजातील मान या दोहोंस लागतो. नानासाहेबांच्या अखेरच्या दशकात या दोन अर्थांची फारकत झाली नाही. दोन्ही एकाच वेळी ढासळले. 23 जून 1761 रोजी पर्वतीवर त्यांचे निधन झाले. वर्ष संपण्यापूर्वीच निजाम पुण्याच्या रोखाने चालून आला आणि 1763 मध्ये त्याच्या फौजांनी हे शहर लुटले व जाळले. कात्रजचे पाणी मात्र शहराच्या हौदांत पुढेही दीर्घकाळ येत राहिले. नळाचा उतार नीट मोजलेला होता. राज्याच्या जमाखर्चाचा उतार कोणत्या दिशेस आहे, हेही दप्तरांत मोजलेलेच होते. तो बदलण्याचे सामर्थ्य तेवढे कोणाजवळ उरले नव्हते.